सत्यभामा दहावीला होती

दहावीचा निरोप समारंभ शाळेत ठेवायचा की चारा-छावणीत, यावर आठ दिवस चर्चा झाली. शेवटी शाळेत ठरला, म्हणजे छावणीतच, कारण शाळेच्या मैदानावर डिसेंबरपासून साडेतीनशे जनावरं बांधलेली होती. शिरूर कासारच्या त्या अंगाला त्या साली पाणी टँकरनं यायचं आणि माणसं ट्रकनं जायची.

प्रमुख पाहुणे विठ्ठलराव. छावणी त्यांचीच. ते सहकारी साखर कारखान्याचे संचालकही होते. कारखाना दोन हंगाम बंद होता, ऊसच नव्हता. पण संचालक मंडळ नेमानं चालू होतं. दर महिन्याला बैठक व्हायची आणि चहात साखर बाहेरची पडायची.

दहावीच्या पटावर बत्तीस नावं होती. सतरंजीवर अकरा जण बसले होते. उरलेले एकवीस कोल्हापूरकडं ऊस तोडत होते.

हे राधाकिशन सरांना माहीत होतं, कागदाला माहीत नव्हतं. पट कमी झाला तर तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि अतिरिक्त शिक्षकाला समुद्राकाठी पाठवतात अशी सरांची पक्की समजूत होती. सर माळकरी. मासळीच्या वासानं आपण पहिल्याच आठवड्यात जाऊ, असं ते म्हणायचे. म्हणून त्यांनी आठवीतच एक रीत पाडली होती. हजर असलेल्या प्रत्येकाकडं गैरहजर असलेले दोन-दोन सोपवायचे. त्यांच्या नावाला ओ द्यायची, त्यांचे चाचणीचे पेपर लिहायचे, वह्या पूर्ण ठेवायच्या. तपासणीला साहेब आले आणि पोरगी कुठंय म्हणाले, तर पाण्याला गेलीय म्हणायचं. यावर त्या तालुक्यात कुणी शंका घेतली नसती.

गहिनीनाथच्या वाट्याला दोघं आले. एक पोरगा होता, त्याला गहिनीनाथनं अडीच वर्षं सलग आजारी ठेवलं. दुसरी सत्यभामा.

सत्यभामाचं आठवीच्या दिवाळीत लग्न झालं आणि तिसऱ्या दिवशी ती ट्रकमध्ये बसली. उसाच्या फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला मुकादम नेत नाही. तिच्या नवऱ्याला कोयता पुरा करायचा होता. तो झाला.

इकडं गहिनीनाथ तिचे पेपर डाव्या हातानं लिहायला लागला, कारण ती डावरी होती. लिहिता लिहिता त्याच्या लक्षात आलं, की स्वतःच्या पेपरात आपल्याला जे सुचत नाही ते तिच्या पेपरात सुचतं. नववीत तिला त्याच्यापेक्षा अकरा मार्क जास्त पडले. सरांनी उत्तरपत्रिका हातात देताना त्याला सगळ्यांसमोर झापलं, "शीक काही तिच्याकडून." आणि झापून झाल्यावर सर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

बोर्डाचे फॉर्म भरताना सरांनी एकवीसच्या एकवीस नावं गाळली. त्यातल्या सत्यभामाचा फॉर्म गहिनीनाथनं स्वतः भरला, सहावीतला दोन वेण्यांचा फोटो डकवला, डाव्या हातानं सही केली आणि गठ्ठ्यात सरकवला. सरांनी गठ्ठ्यावर न बघता सह्या केल्या. आता हॉलतिकीट आलं होतं. पेपर दहा दिवसांवर होता, आणि सत्यभामानं येऊन तो द्यावा एवढं एकच गहिनीनाथच्या डोक्यात होतं. कशी यावी याचा विचार त्यानं केलेला नव्हता. कागदावर ती रोजच येत होती.

तिची आई, बायनाबाई, छावणीत म्हशीपाशी राहायची. तिच्याकडून त्यानं हरिबा मुकादमाचा नंबर घेतला.

"मी लावला तर हरिबा फोन ठिवून देतो," बायनाबाई म्हणाली. "शाळेतून लावलं तर भिऊन तरी पोरीकडं दील."

अडचण एवढीच, की शाळेत रेंज फक्त स्टेजवर यायची, तीही टेबलाजवळ, आणि टेबलावर माइक होता. माइक वर्गातल्या जमीलकडं. त्याचे वडील, इसाकभाई, विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. विहिरीच आटल्यामुळं सध्या छावणीचा भोंगा सांभाळायचे.

आठवणी सांगायला गहिनीनाथचं नाव पुकारलं. तो उठला, स्टेजवर गेला आणि भाषणाच्या आधी नंबर लावला. त्याच्या फोनला स्पीकरवरच ऐकू यायचं.

"हॅलो, हरिबा मुकादम का? शाळेतून बोलतोय. सत्यभामाला फोन द्या."

"कोणती शाळा?" अख्ख्या मैदानावर आवाज घुमला. "पोरं तर सगळी हितं हायेत. तिकडं कशाची शाळा भरवायलात?"

सतरंजीवर कुणीतरी हसलं. विठ्ठलराव हसले नाहीत. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमातलाच भाग.

"जमल्या, माइक बंद कर बे," गहिनीनाथ कुजबुजला. तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

"बटन आत गेलंय," जमील म्हणाला.

तेवढ्यात सत्यभामाचा आवाज आला. जाडसर झाला होता. "कोण हाय?"

"मी गहिन्या. सत्ये, एक तारखेला पेपर हाय. मराठीचा."

"कुणाचा?"

"तुझा. तू दहावीला हायेस."

पलीकडं उसाच्या वाळल्या पाचटावरून कुणीतरी चालल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मी कधी गेले दहावीला?"

"जूनमधी."

"आन नववीला?"

"नववीला तू वर्गात दुसरी आलतीस."

"अगं बया," ती म्हणाली. "पयली कोण?"

"हाय एक चतुराबाईची पोरगी. ती खरीखुरी येती शाळेत."

आता सतरंजीवर कुणी हसत नव्हतं. सर खुर्चीवरून अर्धे उठले होते आणि तसेच राहिले होते, कारण प्रमुख पाहुण्यांसमोर नक्की काय थांबवायचं हे त्यांना ठरवता येईना.

"सांग की मग," सत्यभामा म्हणाली. "काय काय केलं मी?"

गहिनीनाथच्या हातात भाषण होतं. शीर्षक 'आमची शाळेतली वर्षे'. त्यानं ते वाचायला घेतलं. आठवीची सहल पैठणला गेली तेव्हा सत्यभामा खिडकीपाशी बसली होती आणि तिला गाडी लागली.

"मला गाडी लागत न्हाई," ती म्हणाली. "ट्रकातबी न्हाई लागत."

"बरं. न्हाई लागली. तू सगळ्यांना चिंचा वाटल्यास."

"हां."

वृक्षारोपणाला तिनं लावलेलं लिंबाचं झाड वर्गात सगळ्यांत जास्त वाढलं.

"हाय का आजून?"

झाड गेल्या उन्हाळ्यात वाळलं होतं आणि बुंध्याला छावणीतली एक कालवड बांधली होती. "हाय," गहिनीनाथ म्हणाला.

"आप्पाराव, तुमची म्हैस सुटून स्वयंपाकघराकडं गेलीय," छावणीच्या भोंग्यातून इसाकभाई बोलले. तीन वेळा बोलले. म्हशीचा विषय संपेपर्यंत दोघंही थांबले.

मग फोनमधून रडण्याचा बारीक आवाज आला.

"थांब रे," सत्यभामा म्हणाली. "पोरगी उठली."

गहिनीनाथनं अडीच वर्षांत तिच्या नावानं सतरा निबंध लिहिले होते. त्यात माझे कुटुंब होतं, मी शिक्षिका झाले तर होतं, पावसाळ्यातला एक दिवस तर न बघताच लिहिला होता. पोरगी कुठंच नव्हती. त्यानं भाषणाचा कागद उलटा केला. मागं कोरं होतं.

मैदानाच्या कडेला बायनाबाई शेणाची पाटी डोक्यावर तशीच धरून उभी होती. नात किती महिन्यांची झाली, याचा अंदाज ती त्या रडण्यावरून घेत होती.

"येशील का?" त्यानं विचारलं. "हॉलतिकीट आलंय. केंद्र शिरूरलाच हाय. नऊ पेपर."

"कशी येऊ? मी आले तर हे एकटे राहिले. एकट्याला हरिबा ठिवीत न्हाई. मग दोघंबी आलो, तर हितली राहायची खोपी गेली. तिथं येऊन खावं काय, छावणीतला चारा?"

विठ्ठलरावांनी चारा हा शब्द ऐकून मान डोलावली.

"तीन तासाचाच पेपर असतो," गहिनीनाथ म्हणाला.

पलीकडं पोरगी गप झाली होती. बहुतेक अंगावर घेतली असावी.

"निकाल लागला का?" तिनं विचारलं.

"आजून परीक्षाच न्हाई झाली."

"न्हाई झाली तर काय झालं? नववीचा लावलासच की. दहावीचा लाव."

गहिनीनाथनं सरांकडं पाहिलं. सर खाली बसले आणि जमिनीकडं बघू लागले. तो माइकपाशी नीट उभा राहिला. "सत्यभामा," तो म्हणाला, "एकोणऐंशी टक्के. केंद्रात तिसरी."

सतरंजीवर टाळी पडली. आधी एक, मग सगळ्यांच्या. विठ्ठलरावांनीही वाजवली.

"ए, टाळ्या कशाला वाजवायलेत?" ती म्हणाली. "थांबव. गहिन्या, आयिक. नापास झालं तर परत बसता येतंय ना?"

"येतंय."

"आन पास झालं की संपलं?"

"संपलं."

"मग कावून पास केलंस मला?"

टाळ्या थांबल्या.

"एकाच विषयात उडव," ती म्हणाली. घाईनं बोलत होती. मागून तिला कुणीतरी हाका मारत होतं. "बाकीच्यात काढ. हितला कारखाना बंद झाला की येते मी. एका विषयाला येता येईल. पोरीला आईपाशी ठिवीन तीन तास."

"कशात उडवू?"

"गणितात. तिथं लिवायला कमी लागतंय."

गहिनीनाथनं माइक धरला. इतकी वर्षं त्यानं तिला मार्कच दिले होते, कापले कधी नव्हते. तो म्हणाला, "सत्यभामा गणितात नापास. शंभरपैकी तेहतीस."

कडेला बायनाबाईनं पाटी खाली ठेवली.

"पासला किती लागतेत?"

"पस्तीस."

पलीकडं ट्रॅक्टर फडात शिरल्याचा आवाज आला. हरिबा ओरडला, की गाडी भरायला लागा, फोन ठिवा.

"म्हंजे दोनच कमी," सत्यभामा म्हणाली. "दोन काढते मी."