'इतर' गटाच्या उंबऱ्यावर

उदगीरच्या मंजुश्रीला चिकुनगुनिया होऊन दोन वर्षं झाली. ताप गेला, थकवा मुक्कामाला राहिला. आंघोळ केली तरी तासभर आडवं व्हावं लागे. सासूबाई गौरम्मांना पहिल्या महिन्यापासूनच संशय. "ताप गेला की मानूस उठतंय," त्या म्हणायच्या, "ही नुसती लोळून राहिली."

लातूरच्या एका दवाखान्यात डॉक्टर दीपाली अशा थकलेल्यांचे गट पाडत होत्या. पहिला तापानंतर गळालेल्यांचा, दुसरा झोप बिघडलेल्यांचा, तिसरा 'इतर'. पहिल्या दोन गटांना शाळा-कचेरीसाठी रजेचं पत्र मिळे, 'इतर'ना शुभेच्छा. मंजुश्री शिक्षिका, आणि तिची रजा सोमवारी संपत होती.

आठ दिवस मनगटावर पावलं मोजणारा पट्टा बांधायचा होता आणि रुग्णाच्या रोजच्या कामांचा तक्ता घरच्यांनी भरायचा होता. तो गौरम्मांनी भरला, कुणाला न दाखवता.

आज डॉक्टरांनी दोन्ही शेजारी ठेवले. "पट्टा म्हणतो दिवसाला चारशे पावलं. तक्ता म्हणतो वीस भाकरी, धुणं, झाडलोट. कुणीतरी खोटं बोलतंय."

मंजुश्री सासूकडे वळली. "आव्वा, हे काय लिहिलंत?"

"मग? परगावच्या कागदावर सून लोळती म्हनून लिहू?" गौरम्मा कुजबुजल्या. दार उघडं होतं आणि बाहेरच्या बाकावर गल्लीतलीच शिवकांता कान देऊन बसली होती. त्यांनी आवाज चढवला, "पट्टा काढून ठेवत आसंल ही!"

डॉक्टरांनी मंजुश्रीकडे संशयाने पाहिलं. पेन 'इतर'च्या चौकटीवर टेकलं.

दार लावलं तर आव्वा खरं बोलतील म्हणून मंजुश्री उठली. चौथ्या पावलाला गुडघे गेले. ती खाली जायच्या आत गौरम्मांचा हात तिच्या काखेत होता. वजन कमरेवर घेत त्या म्हणाल्या, "डोळे मिट. धा मोज. आता बस."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोन शिकवतंय? रोज न्हानीतून आनते की." बोलून झाल्यावर त्यांना दार आठवलं.

डॉक्टरांचं पेन पहिल्या गटावर सरकलं. गौरम्मांनी जाऊन दार लावलं, कडीसुद्धा घातली.

"भाकरी मीच थापते, बाई," त्या म्हणाल्या. "पन तक्त्यात 'दोघी मिळून थापतो' आसं लिहा."