घोडेगावच्या बाजारातला रुमाल

मित्रांनो, मी एक जुना रुमाल आहे. नाक पुसायचा नव्हे हं! घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात सौदा करताना व्यापारी माझ्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. शेजारच्याला पत्ताही लागत नाही. माझा मालक अंगद. दात आणि चाल बघून जनावराची तब्येत सांगण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याच्या खांद्यावर मी रुबाबात मिरवलो.

यंदा मात्र माझं डोकं पार चक्रावलं. अंगदची बायको धनश्री गरोदर राहिली. सरकारी दवाखान्यात तिचं रक्त तपासलं, तर एचआयव्ही निघाला. नवऱ्यालाही तपासणीला आणा, असं तिला सांगितलं.

"मला काय झालंय?" अंगद दंड थोपटत म्हणाला. "मी ठणठणीत हाय."

"हिनंच माहेराहून आणलं आसंल," त्याची आई झुंबरबाई म्हणाली. "बाईकडनं गड्याला हुतं, गड्याकडनं बाईला न्हाई. बाजार झाला की हिला माहेरी घाल." आणि धनश्रीच्या हातून तिनं मला हिसकावलं. माझ्या कापडानं तोंड पुसलं तर म्हणे रोग चिकटेल!

अरे देवा! मी गोंधळूनच गेलो. अख्ख्या बाजाराचा घाम मी पितो. मग आजार घामातून येतो की माहेरातून? त्यात अंगदचा मित्र कल्याण कुजबुजला, "लग्नाआदी एकदाच तर गेल्तास त्या बाईकडं. लगेच आंगोळ बी केल्ती. एकदानं काय हुत न्हाई." आता बोला! कोणाचं खरं धरायचं?

बाजाराच्या दिवशी गोरक्षनाथनाना या म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं अंगदच्या गाईसाठी माझ्याखाली हात घातला आणि मध्येच विचारलं, "रगत तपासलंय का हिचं?"

"दात बघा की नाना! कशी धट्टीकट्टी हाय."

"मागची बी आशीच हुती. गाभ टाकला तिनं. रगत तपासलं तवा कळलं. आजार काय कपाळावर लिहून येतो व्हय?"

माझ्याखाली अंगदनं दाबलेली बोटं सोडून दिली. नानांना वाटलं, गडी भाव उतरवतोय. खरं काय ते मला कळलं.

सौदा तसाच सोडून अंगद घरी आला. दारात धनश्रीचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. तो तिला घेऊन थेट नगरच्या सरकारी दवाखान्यात गेला. त्याच्याही रक्तात एचआयव्ही निघाला.

तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "एचआयव्ही असलेल्या माणसाशी निरोधाशिवाय शरीरसंबंध आला, तर एका वेळेतही लागण होऊ शकते. पुरुषाकडून बाईला, बाईकडूनही पुरुषाला. आंघोळीनं ती टळत नाही. माणूस वर्षानुवर्षं धडधाकट दिसतो. घामानं, कपड्यानं, सोबत जेवल्यानं काही होत नाही. रोज गोळ्या घ्या, नीट जगाल. बाळाचा धोकाही खूप कमी होईल."

"आधी कुनाला झाला?" अंगदनं विचारलं.

"ते रिपोर्ट सांगत नाही."

घरी झुंबरबाईनं तोंड उघडायच्या आत अंगद म्हणाला, "आई, बाहेर मी गेल्तो. तिला बोल लावू नगं." आणि त्यानं मला धनश्रीच्या हातात दिलं. माझ्यात तोंड खुपसून ती हमसून हमसून रडली. मलाही फार वाईट वाटलं. मग झुंबरबाई वाकली, गाठोडं उचललं आणि आत नेऊन सोडलं.

मित्रांनो, माझा गोंधळ अजून पुरता गेलेला नाही. जे डोळ्यांना दिसतच नाही, ते माणसं नजरेनं कसं पारखतात? पण माझं एवढं ऐका. गाईचा भाव खुशाल माझ्याखाली झाका, रक्ताची तपासणी मात्र झाकू नका.