आईने शिवून टाकलेला खिसा

शिवणाच्या दुकानात तिला सगळे तिखट म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. गिऱ्हाईक एक शब्द जास्त बोललं की हिची जीभ सुटलीच. पण खरा राग तिने राखून ठेवला होता तो बापासाठी. ती लहान असताना तो बोटीवर कामाला म्हणून गेला आणि गेला तो गेलाच. शेजारच्या बायका म्हणायच्या, दुसरीकडे संसार थाटला असेल. आईने त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही.

आता आईला सकाळचं जेवण दुपारी आठवत नव्हतं. नवऱ्याची वाट बघणं तेवढं पक्कं. दाराला कडी म्हणून लावू द्यायची नाही.

"ते आले का गं?"

"आले की! वाजतगाजत आले!" तिखट फाडकन बोलायची आणि मग स्वतःवरच चरफडत बसायची.

बापाचा एकच शर्ट घरात उरला होता. आई तो उशाशी घेऊन झोपायची. तिखटने एकदा तो धुवायला घेतला, तर खिशाचं तोंड आईच्या बारीक टाक्यांनी बंद केलेलं. तिने टाके उसवले. आतून काळपट नाणं पडलं. कडेला भोक, मधोमध आकडा, बाकी राजा नाही की राणी नाही.

परदेशचं नाणं! म्हणजे मेल्याने कधीतरी पाठवलं होतं तर. नाणं कुठलं ते कळलं की देश कळेल, देश कळला की माणूस सापडेल. मग त्याला चांगला फैलावर घ्यायचा आणि आईचे डोळे मिटायच्या आत दारात आणून उभा करायचा. ती तशीच जुन्या नाण्यांच्या दुकानात गेली.

दुकानदाराने भिंग डोळ्याला लावलं आणि लगेच खाली ठेवलं.

"बसा, ताई."

"बसायला वेळ नाही. देश कुठला ते सांगा."

"हे नाणं नाही. विद्युतदाहिनीतला बिल्ला आहे. राखेची अदलाबदल होऊ नये म्हणून मृतदेहाबरोबर आत ठेवतात. मग अस्थींबरोबर घरच्यांना देतात. लोक नाणं समजून आणतात माझ्याकडे. मी घेत नाही."

तिखटने बिल्ला उचलला आणि ती दुकानाबाहेर पडली.

रस्त्यात तिला आठवलं. गोवर आला म्हणून तिला मावशीकडे ठेवलं होतं. परत आली ती नव्याच बिऱ्हाडात, नव्या शेजारात, आणि आई म्हणाली, बाबा बोटीवर गेले. तापातून उठलेल्या पोरीला खरं सांगायला जीव धजावला नसेल. मग उद्या सांगू, उद्या सांगू करत राहूनच गेलं. आणि आता आई स्वतःच खरं विसरली होती. पोरीसाठी रचलेलं खोटं तेवढं तिच्यापाशी उरलं होतं.

जन्मभर शिव्या घातल्या त्या माणसाला, आणि तो बिचारा कुठे गेलाच नव्हता. तिखट भर रस्त्यात हमसून हमसून रडली.

घरी आल्यावर तिने बिल्ला पुन्हा शर्टाच्या खिशात ठेवला आणि आईच्याच जुन्या टाक्यांच्या भोकांतून सुई घालत खिसा शिवला. दोरा दातांनी तोडला. आई खाटेवरून बघत होती.

"ते आले का गं?"

तिखटने शर्ट तिच्या मांडीवर ठेवला.

"आले, आई. बाबा घरातच आहेत."

आईने शर्टावरून हात फिरवला. खिशाशी तिची बोटं थांबली.

"मग आता कडी लाव," ती म्हणाली.