दोन दिव्यांची गाडी

लूशियस पेटवेनं गाडीवरची चादर एका झटक्यात ओढली आणि तो बाजूला झाला. गाडी त्यानं मुद्दाम उलटी लावली होती, पाठ चर्चच्या दाराकडे करून. पायऱ्या उतरणाऱ्या मंडळीनं टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.

फ्लिंटमधल्या माणसाला गाडीचं नाव वाचावं लागत नाही. निम्मं गाव त्याच गाड्या जोडतं. मागे दोन्ही बाजूंना तीन-तीन गोल दिवे असले की ती महागडी इम्पाला. दोन-दोन असले आणि अंगावर चकाकी जवळपास नसली, की बिस्केन. सहा वर्षांपूर्वी तिच्याहून स्वस्त डेलरे बंद झाली आणि मोठ्या गाड्यांत तिच्याखाली कोणी उरलं नाही. पोलीस ती घेत, टॅक्सीवाले घेत, दारोदार फिरणारे विक्रेते घेत. पाळकाच्या सेवेला अठरा वर्षं झाली म्हणून ती कोणी भेट देत नसे.

"लूशियस, दोन दिवे घरी विसरलास की काय?" सिस्टर व्हर्नीस म्हणाली. ती कारखान्यात आसनं शिवायची.

"मोजता येतं मला."

"मंडळीनं इम्पाला ठरवली होती."

"निवड माझ्यावर सोपवली होती. उरलेलं छपराला लागेल. छप्पर गळतंय."

"छप्पर म्हणे! मेथडिस्ट चर्चच्या दारावरून जायचंय त्यांना, माहितीय ना? पाळकसाहेब, टोपी तेवढी घालू नका हो, लोक हात करून थांबवतील. विमानतळाचं भाडं विचारतील."

एकदोघं हसले आणि लगेच गप्प झाले. रेव्हरंड यारब्रो पायऱ्या उतरून आले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चारही दिव्यांवरून नजर फिरवली आणि दार उघडलं.

"खाली गालिचा नाही, रबर आहे," लूशियस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "रेडिओही घातलेला नाही. गाणं तुम्हाला अलीकडे सोसत नाही ना, रेव्हरंड."

मग हसायला कोणीच उरलं नाही. चौदा महिन्यांपूर्वी लूशियसच्या बायकोला, अर्डेलला, याच दारातून नेलं होतं. यारब्रोंचा गायलेला उपदेश ऐकायला लोक डेट्रॉइटहून येत. आधी साधं बोलणं, मग बोलण्याला हळूहळू चढणारी लय, मग प्रत्येक श्वासामागे धावणारा ऑर्गन, आणि शेवटी शब्द संपून नुसता सूर. त्या सुरावर बसून मेलेलं माणूस पैलतीराला जातं, अशी तिथं बसलेल्या प्रत्येकाची खात्री असे. अर्डेलच्या शवपेटीपुढे यारब्रोंनी कागद काढला, चष्मा लावला आणि उपदेश वाचून दाखवला. ऑर्गनवाला शेवटपर्यंत पट्ट्यांवर बोटं ठेवून बसला होता.

"आभारी आहे, ब्रदर पेटवे," यारब्रो म्हणाले. त्यांनी किल्ली घेतली आणि ते गाडीत बसले.

मंडळी तळघरात जेवायला गेली. लूशियस गेला नाही. तो खिडकीशी वाकला.

"बांधणी तीच आहे. सांगाडा तोच, लांबी तीच. मी स्वतः जोडतो. वरचं सगळं काढून घेतलं की ही उरते. माझ्या बायकोला तू अशीच पाठवलीस. शब्द होते सगळे."

"लूशियस, आत जा. जेवण निवतंय."

"रविवारी मला जादा पाळी असली की गातोस. व्हर्नीस सांगते ना मला! लोक बाकांवर उभे राहतात म्हणे. आणि मी समोर दिसलो की तुझा घसा बसतो. काय वाईट केलं होतं तिनं तुझं? सोळा वर्षं तुझे झगे धुतले, कांजी केली..."

"तिनं काहीच वाईट केलं नाही."

"मग कारण सांग. बुधवारी सभा आहे. तुला काढायचा ठराव मी मांडतोय. मतं आहेत माझ्याकडे. आज कारण सांग, नाहीतर बुधवारी सामान बांध."

यारब्रोंनी दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवले. मग त्यांनी मान वळवली. लूशियसच्या ओठांवर घाम आला होता आणि त्याचा उजवा हात कोटाखाली छाती चोळत होता.

"गोळी जवळ आहे ना?" यारब्रोंनी विचारलं.

तो हात थांबला.

हृदयाच्या गोळीचं कारखान्यात कोणाला ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर लाइनवरची जागा गेली असती. मुलींनाही ठाऊक नव्हतं. अर्डेल जाण्याआधीच्या ईस्टरला यारब्रो गात असताना लूशियस हात वर करून ओरडता ओरडता कोसळला होता, तेव्हा आत्मा उतरला म्हणून साऱ्या मंडळीनं हल्लेलूयाचा गजर केला होता. बाया पंखे घेऊन धावल्या होत्या. यारब्रोंनी सूर आणखी चढवला होता. तो आत्मा नव्हता, हृदयाचा झटका होता, हे लूशियस आणि डॉक्टर सोडले तर एकट्या अर्डेलला माहीत होतं.

"इस्पितळात सांगितलं तिनं तुला," लूशियस म्हणाला. "शेवटच्या आठवड्यात. मला कॉफी आणायला पाठवलं होतं तिनं."

यारब्रोंनी नजर पुन्हा समोरच्या काचेकडे वळवली.

"मी असताना गाऊ नका म्हणाली तुला," लूशियस म्हणाला. " आणि मला सांगू नका म्हणाली."

"मी तुला काहीही सांगितलेलं नाही."

लूशियसनं टपावर मूठ आपटली. "तिला कोणी विचारलं होतं? आणि तुला? माझ्या छातीचा सौदा दोघांनी माझ्यामागे केलात. मेलो असतो तर मेलो असतो! तिच्याबरोबर गेलो असतो!"

तो ताठ झाला आणि गाडीला पुढून वळसा घालून निघाला. यारब्रोंना वाटलं, हा आता घरीच जाणार. पण पलीकडचं दार उघडलं. लूशियस आत बसला, त्यानं दार ओढून घेतलं आणि काच वर फिरवली. कोटाच्या आतून छोटी बाटली काढून एक गोळी जिभेखाली ठेवली. यारब्रोंकडे मात्र पाहिलं नाही.

"तिच्यासाठी गायचं राहिलंय ते," तो जड जिभेनं म्हणाला. "आत्ता."

यारब्रोंनी आपल्या बाजूची काच वर केली. मग कॉलरचं बटण सोडलं.