जोडीतली जुनी स्प्रिंग

मित्रांनो, मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या दोन नळ्या तुम्ही रोज पाहता. त्या नळ्यांच्या आत कोण राहतं, हे मात्र कुणी विचारत नाही. आत तेल असतं, अंधार असतो आणि प्रत्येकीत एक स्प्रिंग असते. उजव्या नळीत अकरा वर्षं मी राहिले. आज माझे दोन तुकडे झाले आहेत आणि मी हंबीररावांच्या परड्यात, पेंडीच्या रिकाम्या पोत्यावर पडले आहे. मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती घाईची आहे, म्हणून कान देऊन ऐका.

एकाच तारेच्या भेंडोळ्यातून आम्ही दोघी बहिणी वळल्या गेलो. भट्टीत तापलो, निवलो. कारखान्यातल्या माणसानं आम्हांला दाबून पाहिलं, आम्ही टुणकन उसळलो, आणि तो म्हणाला, "पास!" मग आमची गाडी शाहूवाडी तालुक्यातल्या हंबीररावांच्या दारात आली. दुधाचे कॅन, वैरणीचे भारे, भाताची पोती, काय काय म्हणून वाहिलं आम्ही! पुढं त्यांची मुलगी अनुजा दूध संघात लागली. गावोगाव जाऊन गाईम्हशींना लशी टोचायच्या, कृत्रिम रेतन करायचं, हे तिचं काम. लोक तिला कौतुकानं डॉक्टरीणबाई म्हणत. आबांनी, म्हणजे हंबीररावांनी, गाडी तिला दिली. मागं रेतनाच्या कांड्या गोठवून ठेवणाऱ्या द्रव नायट्रोजनचा जड कॅन बांधून ती डोंगरातल्या वाड्या पालथ्या घाली, आणि संध्याकाळी आमच्या नळ्यांवरचा चिखल फडक्यानं पुसून काढी. खोटं कशाला बोलू, मला ती फार आवडायची.

पण वय कुणाला चुकलंय? आम्ही दोघी बसत चाललो. उतारावर ब्रेक दाबला की गाडीचं नाक भस्सकन खाली जाई, खड्ड्यात आम्ही तळाला आपटत असू. हंबीरराव हसत, "तुझी गाडी दर खड्ड्याला नमस्कार करतीया की गं!" अनुजाला हसू येत नसे. तिनं चार ठिकाणी चौकशी केली आणि कोल्हापुरातून जाड तारेच्या, जास्त ताठ अशा नव्या स्प्रिंगांची जोडी आणली. बरोबर केलं पोरीनं. माझी बदली होणार म्हणून मला वाईट वाटलं, पण सुटकाही वाटली.

गॅरेज पार्श्वनाथअण्णांचं. अनुजाबरोबर हंबीररावही गेले होते. अण्णांनी आम्हां दोघींना बाहेर काढलं आणि नव्या स्प्रिंगेशेजारी उभं केलं. माझी बहीण दोन बोटं खुजी झाली होती, मी एक बोट. तेवढ्यात अनुजाला एका गवळ्याचा फोन आला आणि ती बोलत बोलत रस्त्यापर्यंत गेली.

हंबीररावांनी मला हातात घेऊन दाबून पाहिलं. "अण्णा, ही अजून बरी हाय. ही ऱ्हाऊ दे. नवी एकच टाका."

"हंबीरराव, स्प्रिंगा जोडीनंच बदलायच्या असत्यात."

"मला जोडी शिकवताय व्हय? नवं खोंड कवा नव्या खोंडासंगं जुपत्यात का? म्हाताऱ्या बैलासंगं जुपायचं, म्हंजे ते वळणावर येतंय. दोन नव्या टाकल्या तर गाडी पोरीला ऐकायची न्हाय."

बैलांच्या बाबतीत त्यांचं खरं होतं. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा बैल जुपणारा नव्हता. पण मी बैल नव्हते हो! अण्णांनी मान हलवली, पण हंबीररावांपुढं त्यांचं काही चाललं नाही.

"आणि अनुला सांगू नगा. उगंच वाद घालत बसंल."

उरलेली नवी स्प्रिंग अण्णांनी दुकानात परत धाडली. अनुजा आली तेव्हा दोन्ही नळ्यांची टोपणं घट्ट झाली होती.

गाडी सुधारली, हे मान्य करायलाच हवं. नाक पूर्वीसारखं खाली जाईना. अनुजा खुशीत घरी सांगू लागली, "आबा, काय झकास चालतीया! आता ब्रेक उशिरा दाबला तरी भ्या वाटत न्हाय." हंबीरराव मिशीत हसले. तिला वाटत होतं, दोन्ही नव्या आहेत.

डावीकडची नवी वाईट नव्हती. तिचा दोष काडीचा नव्हता. पण ती जेवढं रेटे तेवढं मला रेटवत नसे, आणि चाकाचा आस तर दोघींना एकच. प्रत्येक खड्ड्याला नळ्यांना पीळ पडे. एके दिवशी माझ्या मधल्या वेढ्यात केसाएवढी चीर पडली. त्या दिवसापासून ब्रेक दाबला की एक आवाज येऊ लागला. टक.

"नव्या स्प्रिंगा बसत असतील," अनुजा म्हणाली.

टक. मी दुसरं काय बोलणार? माझ्याकडं तेवढा एकच शब्द होता. ती रोज सकाळी हेल्मेट घाली आणि मी मनात म्हणे, आज नको गं बाई, आज नको.

तो आवाज हंबीररावांनीही ऐकला. धार काढता काढता ते उठले, गाडीपाशी आले, उजव्या नळीवर हात ठेवून उभे राहिले. त्यांना कळलं होतं. मी शपथेवर सांगते, त्यांना कळलं होतं. पण पोरीपुढं चूक कबूल करायला जीभ रेटेना. असे आठ दिवस गेले आणि चीर वाढत गेली.

नवव्या दिवशी सकाळी वरच्या वाडीतून फोन आला. शालूबाईंची म्हैस माजावर आली होती. हंबीरराव अंगणात आडवे आले.

"अनु, थांब जरा. त्या स्प्रिंगांचं..."

"आल्यावर सांगा की आबा! म्हैस काय माझ्यासाठी थांबून ऱ्हाणार हाय व्हय?"

ते एवढंच म्हणाले, "जपून जा."

जाताना काही झालं नाही. येताना उतार होता. वळणावर पाण्यानं रस्ता खचला होता. अनुजा बेधडक आली आणि तिनं उशिरा ब्रेक दाबला. मी मोडले. नवी ताठ उभी राहिली, उजवी बाजू खचली आणि हॅन्डल तिच्या हातातून हिसकलं गेलं. कॅन गडगडत खाचरात गेला आणि भाताच्या रोपांवर पांढरी वाफ पसरली. अनुजा उजव्या हातावर दगडांत आपटली.

ती वाचली. पण उजवा हात मनगटापाशी चुरला. डॉक्टर म्हणाले, पकड पहिल्यासारखी येणार नाही. ज्या हातानं ती ब्रेक दाबायची, त्या हातानं आता चहाचा कपही धरवत नाही.

अण्णांनी नळी उघडली. हंबीररावांनी माझे तुकडे आणि ती नवी, असं सगळं घरी आणून तिच्यापुढं ठेवलं.

"ही तर जुनी हाय, आबा."

"मला बैल कळत्यात पोरी. तुझी गाडी न्हाय कळली. माझंच चुकलं," एवढं बोलून तो धिप्पाड माणूस लहान मुलासारखा रडला.

अनुजानं डाव्या हातानं माझे दोन तुकडे एकमेकांना लावून पाहिले. मग म्हणाली, "सांगितलं असतं, तर मी हळू चालवली असती."

मित्रांनो, गोष्ट इथं संपायला हवी होती. पण परवा कबनूरहून अनुजाचे गुंडूमामा तिला बघायला आले. ती औषधानं झोपली होती, हंबीरराव बाहेर गेले होते. मामांनी परड्यात आम्हांला उचललं. मला टाकलं, नवीला फुंकर मारली आणि अनुजाच्या आईला हाक दिली.

"धोंडुबाई, ही न्हेऊ का? माझ्या गाडीची एक पार गेलीया, तेवढी बदलतो. दुसरी अजून चांगली हाय."

अनुजाच्या आईला यातलं काय ठाऊक? "न्या की," ती म्हणाली.

मी ओरडत होते. पण माझ्याकडं आता टकसुद्धा उरलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी कबनूरचं असेल, तर जरा धावत जा. गुंडूमामांना गाठा आणि सांगा, बदलायच्या तर दोन्ही बदला, नाहीतर गाडी दारात उभी करा. त्यांच्या मागं त्यांची स्नेहल बसते. तिचं कॉलेज सकाळचं असतं.