नांगीला बांधलेलं सोपट

अर्धापूरच्या केळीच्या वखारीत पाय ठेवायला जागा नव्हती. सिद्रामप्पा महाराजांनी ओल्या फडक्याखाली हात घालून एका म्हातारीचं पोट चोळलं आणि मूठ वर केली. मुठीत जिवंत खेकडा पाय हलवत होता.

"डाक्टरची मशीन नुसती दाखविती, म्या काढून देतो," महाराज खेकडा ताटात टाकत म्हणाले. "रोगाचं इंग्रजी नावच खेकडा हाय. इंग्रजाला कळलं, तुम्हाला कळंना व्हय?"

आईसोबत रांगेत उभ्या दीपालीनं मान खाली घातली. आईच्या रिपोर्टवरचा 'कॅन्सर' हा शब्द तिनंच डिक्शनरीत शोधला होता. तिथं 'खेकडा' असाही अर्थ होता, तो तिनं वाचून दाखवला. तेव्हापासून आईला, पंचफुलाबाईंना, छातीत काहीतरी चालल्यासारखं वाटायचं. ऑपरेशन उद्या नांदेडला होतं.

"नांदेडला न्हाई जायचं," रांगेतून आई म्हणाली. "इथंच निघंल."

वखारीमागं राहणाऱ्या गुलाम रसूल सरांकडे दीपाली पळाली. सरांनी जन्मभर इंग्रजी शिकवलेलं. "सर, खेकडा हा अर्थ मीच वाचून दाखवला. मीच मारून राहिले आईला," ती रडत म्हणाली.

सर आले, आईशेजारी उकिडवे बसले. "पंचफुलाबाई, हा शब्द लई लांबून आला. जुन्या ग्रीक वैद्यांना गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या. ते म्हणाले, कार्किनोस. लॅटिनमध्ये खेकड्याला कॅन्सर म्हणतात, तोच शब्द इंग्रजीत गेला. आपल्या राशीतला कर्क त्यांचाच भाऊबंद. दिसलं तसं नाव ठेवलं. आत खेकडा कुणालाच सापडला न्हाई."

"मग ह्यो कुठून निघाला?"

दीपालीनं ताटात पाहिलं. खेकडा नांग्या उघडतच नव्हता. तिनं तो उलटा केला.

"आई, नांग्या बांधल्यात. केळीच्या सोपटानं, खोडाच्या सालीनं."

म्हातारी उठून बसली. "माझ्या पोटात बसून ही गाठ कुणी मारली म्हणायची?"

सरांनी ओलं फडकं झटकलं. घडीतून आणखी दोन खेकडे पडले, तसेच बांधलेले. महाराज चपला शोधू लागले.

"नावाला काय भ्यायचं?" सर सगळ्यांना म्हणाले. "रोगाला भ्या, अन् वेळेत दवाखाना गाठा. कुणी चमत्कार दाखवला, तर आधी त्याचं फडकं झटकून बघा."

पंचफुलाबाई रांगेतून बाहेर आल्या. "मला अजून भ्या वाटून राहिलं, दीपे."

"मलाबी."

"चल मग. फाइल काढ. सकाळची पहिली एसटी गाठू."