वीसपैकी चौदा

वर्गात तिला सगळे खोडरबर म्हणायचे. बरोबर उत्तर लिहायची आणि मग पुसून टाकायची. स्वतःवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता, आणि माझा माझ्यावर जरा जास्तच होता. म्हणूनच आमचं जमतं, असं मला तेव्हा वाटायचं.

आई गेल्यापासून ती मावशीकडे राहायची. मावशीचं शिवणकामाचं दुकान होतं आणि जिभेला धार होती. तिने बजावून ठेवलं होतं, "रसायनात पास हो, नर्सिंगला घालते. नापास झालीस तर दुसरं मशीन रिकामंच आहे."

योजना माझी होती. तिने मागितली नव्हती, हे आधीच सांगून टाकते. ती माझ्या मागच्या बाकावर बसायची. पर्यायांच्या वीस प्रश्नांसाठी मी मानेमागे हात नेणार, जितकी बोटं तितवा पर्याय. वेणी ओढली की पुढचा प्रश्न. "तू अजिबात डोकं लावू नकोस," मी म्हटलं होतं, "नुसती माझ्या बोटांकडे बघ."

सगळं बिनबोभाट पार पडलं. पर्यवेक्षिकाबाईंनी सुरुवातीला काहीतरी सूचना दिली होती, पण मी तेव्हा डोळे मिटून संयुजा पाठ म्हणत होते. बाहेर आले ती नुसती मिरवतच.

सायकलींच्या शेडमध्ये तपासनीस उभीच होती. आमची ही तिसरी मैत्रीण. उत्तरं पडताळल्याशिवाय तिचा पेपर संपायचा नाही.

"पहिला," ती म्हणाली. "गंज चढायला काय लागतं? हवा आणि पाणी, पर्याय तीन."

"तीन," मी म्हटलं.

खोडरबर गोंधळली. "पहिल्यात गंज कुठे होता? माझ्या पहिल्यात तर लिटमस होता."

तपासनीसने दोघींच्या प्रश्नपत्रिका शेजारी शेजारी धरल्या. माझ्या कोपऱ्यात बारीक 'अ' छापला होता, तिच्या कोपऱ्यात 'ब'. प्रश्न तेच, पण क्रम वेगळा. "अगं, बाईंनी सांगितलं नव्हतं का, की पुढच्या-मागच्या बाकांना वेगळे संच आहेत म्हणून?" ती म्हणाली. आमच्या बोटांचं तिला माहीत नव्हतं. तेवढ्यात तिची बस आली आणि ती पळाली.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. खोडरबर मात्र रडली नाही. तिने तिची प्रश्नपत्रिका माझ्या हातात दिली. प्रत्येक प्रश्नाच्या एका पर्यायापुढे पेन्सिलीचा बारीक ठिपका होता.

"हे माझे पर्याय. तुझी बोटं दिसायच्या आधी मी उत्तरपत्रिकेत हेच भरले होते. मग पुसून तुझे भरले," ती म्हणाली. "यातले किती बरोबर होते, बघ ना."

मी मोजायला लागले. लिटमस बरोबर. गंज बरोबर. चुन्याची निवळी बरोबर. मोठ्या प्रश्नांत तिला जेमतेम काही आलं होतं, पण इथे दहा गुण मिळाले असते तरी ती तरली असती. मी दोनदा मोजलं. चौदा.

"सहा," मी म्हटलं.

तिने सुस्कारा सोडला. "म्हणजे तशीही नापासच होणार होते. बरं झालं बाई. मला वाटलं, तू आता आयुष्यभर मनाला लावून घेशील." आणि तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या पाठीवरून! मी ती प्रश्नपत्रिका दप्तरात कोंबली आणि घरी जाऊन तिचे बारीक बारीक तुकडे केले.

ती नापास झाली. रडली नाही, मशीनवर बसली.

महिन्याभराने मावशी आमच्या दारात उभी राहिली. हातात फेरपरीक्षेचा कोरा फॉर्म होता. "मशीनचं मी रागाच्या भरात बोलले गं," ती म्हणाली. "आता ही पोर फॉर्म भरायलाच तयार नाही. परवा शेवटची तारीख आहे. तुझं ऐकते ती. तू सांग."

मी तशीच दुकानात गेले. ती एका झग्याला दुमड घालत होती.

"फॉर्म भर," मी म्हटलं.

"कशाला? रसायन माझ्या डोक्यात शिरतच नाही. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. पण तू मोजलंस. वीसपैकी सहा."

"चौदा होते."

मशीन थांबलं.

"चौदा होते. मी खोटं बोलले. माझ्यामुळे तू बुडालीस हे मला तुझ्या तोंडावर कबूल करवेना, म्हणून खोटं बोलले."

ती माझ्याकडे बघत राहिली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळल्यासारखं झालं, आणि माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच तिने हात पुढे केला.

"खरंच? दाखव ना मग. माझी प्रश्नपत्रिका तुझ्याकडेच आहे."

तिचे तर मी त्याच दिवशी तुकडे केले होते. दाखवायला होतं काय?

ती किती तरी वेळ हात तसाच धरून होती. मग तिने तो हळूच मागे घेतला आणि कापड पुन्हा सुईखाली सरकवलं.

"मावशीने पाठवलं ना तुला?" ती म्हणाली. "वेडी आहेस. मला बरं वाटावं म्हणून इतकं खोटं बोलू नये गं."